जुन्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: बिघडायच्या आधी काय करायचं

जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही दारात आली, की पहिल्या रात्री एकच काम करा. पार्किंगमध्ये सपाट जागा बघून गाडी लावा आणि पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सच्या शेवटापर्यंत खाली जुन्या वर्तमानपत्राचे ताव अंथरा. उडू नयेत म्हणून कडेला दगड ठेवा. सकाळी गाडी हलवली की कागद उजेडात नेऊन बघा. तांबडा किंवा तपकिरीकडे झुकलेला तेलकट डाग असेल तर ते बहुधा गिअरबॉक्सचं ऑइल. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखा पसरलेला पण बोटाला बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. एसीचं स्वच्छ पाणी सोडून द्या. पॉवर स्टिअरिंगमध्येही बऱ्याच गाड्यांत तांबडंच ऑइल असतं, म्हणून डाग पुढे पडलाय की मधोमध, हेही टिपून ठेवा.

गॅरेजला नेण्याआधी हे करायचं, कारण विकणारा बहुतेक वेळा गाडी खालून धुऊन देतो. धुतलेल्या गिअरबॉक्सवर गळती दिसत नाही. रात्रभर उभ्या गाडीखालच्या कागदावर ती दिसते.

आधी गिअरबॉक्स ओळखा

आपण ज्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतो त्यात निदान चार वेगळी यंत्रं येतात: टॉर्क कन्व्हर्टरवाला पारंपरिक गिअरबॉक्स, पट्टा आणि पुल्यांवर चालणारा सीव्हीटी, दोन क्लचचा डीसीटी, आणि मॅन्युअल गिअरबॉक्सलाच क्लच-गिअरची यंत्रणा जोडलेली एएमटी. चौघांचं ऑइल वेगळं, देखभालही वेगळी. एकाच नावाच्या गाडीतही फरक असू शकतो. डस्टर २०१६ मध्ये डिझेलला एएमटी घेऊन आली, पुढच्या वर्षी पेट्रोलला सीव्हीटी. त्यामुळे 'माझ्या मित्राच्या डस्टरला हे ऑइल चाललं' या वाक्यावर काही करू नका. गाडीचं मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तिका, उघडा. नसेल तर चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

पुण्याच्या रस्त्यांवरच्या जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्ही, म्हणजे फॉर्च्युनर, २०१८ च्या आधीची सीआर-व्ही, पजेरो स्पोर्ट, एन्डेव्हर, रेक्स्टन, एक्सयूव्ही ५००, डिझेलची पहिली क्रेटा, या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या आहेत. इथून पुढे जे लिहिलंय ते त्यांच्यासाठी.

ऑइल हाच गिअरबॉक्स

मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल फक्त वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते चार कामं एकदम करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद त्याच्यातूनच पुढे जाते. पंपाने तयार केलेल्या त्याच्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात आणि गिअर बदलतो. गिअरना आणि बेअरिंगना वंगण तेच देतं, आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेतं तेही तेच. म्हणून ऑइल जुनं झालं की नुसती झीज वाढते असं नाही, गिअर टाकणाऱ्या हाताचाच जोर कमी होतो.

त्याचा खरा शत्रू उष्णता. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑइलात बुडालेले, समोरासमोर तोंडं असलेले दोन पंखे समजा. इंजिन एक फिरवतं, त्याने ढकललेलं ऑइल दुसऱ्याला फिरवतं. दोघांच्या वेगात जितका फरक तितकं ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. मोकळ्या हायवेवर एका वेगाने जाताना आतला लॉक-अप क्लच दोघांना जोडून टाकतो आणि घुसळण थांबते. पण संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या रांगेत, पाच किलोमीटरच्या वेगाने पुढे सरकताना, लॉक-अप लागतच नाही. वारा नाही, वेग नाही आणि घुसळण चालू. ८० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत हे ऑइल सुखात असतं. १२० च्या वर फार वेळ राहिलं की ते झपाट्याने करपू लागतं, आत वार्निशसारखा थर धरतं आणि रबरी सील कडक करतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत 'सिव्हिअर' म्हणून वापराचा एक कडक प्रकार दिलेला असतो: थांबत-चालत गाडी, उन्हाळा, घाट, ओझं. पुण्यात रोज चालणारी एसयूव्ही त्याच रकान्यात येते. किलोमीटर मोजताना तोच रकाना वाचा.

डब्यावरचं नाव

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे झालेली चूक मला स्वतःला भोवली आहे.

मी २०१७ मध्ये सात वर्षं जुनी पेट्रोल एसयूव्ही घेतली. ८८ हजार किलोमीटर झाले होते. ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला सांगितलं. "काका, कुठलं ऑइल टाकणार?" मी विचारलं. "साहेब, ऑटोमॅटिकचंच आहे, सगळ्याला चालतं," असं उत्तर आलं आणि मी मान डोलावली. दोनेक महिन्यांनी कात्रज-देहूरोड बायपासला साठ-सत्तरच्या वेगात, हलका ॲक्सिलरेटर दिला की गाडी थरथरायला लागली, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी, सेकंद-दोन सेकंद. आधी टायरवर संशय घेतला, मग स्पार्क प्लगवर. दोन्हींवर खर्च केला. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने लॉक-अप क्लचची थरथर ओळखली. कंपनीने सांगितलेलं ऑइल तीन टप्प्यांत भरल्यावर ती हळूहळू गेली. माझं नशीब की प्लेटा झिजायच्या आत कारण सापडलं.

प्रत्येक कंपनी आपल्या क्लच प्लेटांना किती पकड हवी आणि किती घसरण चालेल हे ठरवते आणि त्याप्रमाणे ऑइलमध्ये रसायनं घालून घेते. रंग सगळ्यांचा तांबडा असला तरी आतला स्वभाव निराळा असतो. टोयोटाच्या जुन्या गिअरबॉक्सना टाइप टी-फोर लागतं, नंतरच्यांना डब्ल्यूएस. होंडात आधी झेड-वन होतं, त्याची जागा डीडब्ल्यू-वनने घेतली आणि जुन्या झेड-वनवाल्या गाड्यांतही तेच घालतात. ह्युंदाईचं एसपी-थ्री जुन्या गिअरबॉक्सचं आणि एसपी-फोर नंतरच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचं. नावात एका आकड्याचा फरक, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. फोर्डचं मरकॉन, जीएमचं डेक्सरॉन, आणि त्या प्रत्येकात पुन्हा उपप्रकार. तुमच्या गाडीचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरा-आकड्यासकट, फोनमध्ये लिहून ठेवा. काही गाड्यांत ते डिपस्टिकवरच (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) कोरलेलं असतं.

'अनेक गाड्यांना चालणारं' ऑइल नामांकित कंपन्याही विकतात आणि डब्याच्या मागे तुमचं नेमकं नाव छापलेलं असेल तर ते चालूही शकतं. पण जिचा इतिहास माहीत नाही अशा जुन्या गाडीत मी तो प्रयोग करणार नाही. ऑइल स्वतः विकत घ्या. नाना पेठेत पक्कं बिल देणारं दुकान बघा, सील आणि बॅच नंबर तपासा आणि बंद डबे घेऊनच गॅरेजला जा. रिकामे डबे आणि बिल दोन्ही जपा.

लेव्हल बघायची रीत

इंजिन ऑइल बघायची सवय असलेला माणूस इथे नेमका चुकतो. ऑटोमॅटिकचं ऑइल थंड गाडीत, बंद इंजिनावर बघून चालत नाही.

तुमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल तर पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणा. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालूच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'पी'पासून शेवटच्या खाचेपर्यंत एकेक करत न्या, प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा आणि परत 'पी'मध्ये आणा. याने ऑइल सगळ्या वाटांमध्ये भरतं. आता डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजूंनी वाचा आणि जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा. 'हॉट' लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. पुसायचं फडकं धागे न सोडणारं घ्या. व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे ऑइलचा दाब क्लचपर्यंत वाटणाऱ्या भागातल्या, वाटा इतक्या बारीक असतात, की एखादा धागाही तिथे नको.

होंडा याला अपवाद आहे. तिथे गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि दीडेक मिनिटाच्या आत बघायचं. म्हणून पहिल्यांदा हात घालण्याआधी मॅन्युअलचं ते एक पान वाचाच.

कमी असेल तर एकदम अर्धा लिटर ओतू नका. दोन खुणांमधलं अंतर थोड्याशा ऑइलनेच भरतं. पाव लिटर घाला, गिअर फिरवा, पुन्हा बघा. जास्त झालं तरी नुकसानच: फिरते भाग ऑइलाला फेस आणतात, फेसात हवा असते, हवा दाब धरत नाही आणि प्लेटा घसरतात. कमी पडलं तर चढावर पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच. आणि हे ऑइल इंजिनासारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय. ते शोधल्याशिवाय नुसतं भरत राहू नका.

बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसतेच. तिथे गिअरबॉक्सच्या खाली एक ओव्हरफ्लो बोल्ट असतो. गाडी लिफ्टवर सपाट धरून, इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान कंपनीने दिलेल्या टप्प्यात आल्यावर तो उघडायचा. बारीक धार येऊन थेंब-थेंब झाली की लेव्हल बरोबर. हा टप्पा वरपासून खालपर्यंत जेमतेम दहाएक अंशांचाच असतो आणि प्रत्येक गिअरबॉक्सचा वेगळा. गॅरेजमध्ये आधीच विचारा, "टेम्परेचर कशावर बघणार?" स्कॅनर लावून बघतो असं म्हणाले तर काम द्या. हात लावून अंदाज घेणाऱ्याला हे काम देऊ नका.

रंग आणि वास

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि पाच मिनिटं थांबा. स्वच्छ तांबडा डाग सारखा पसरला तर ठीक. तपकिरी पण पारदर्शक असेल तर बदलायची वेळ आली. मध्यभागी काळे कण राहिले आणि जळका वास आला तर प्लेटा झिजू लागल्या आहेत. तेव्हा ऑइल बदलण्याआधी जाणत्या मेकॅनिकला गाडी चालवून दाखवा.

आणि ऑइल गुलाबी, दुधाळ, रोझ मस्तानीसारखं दिसलं तर गाडी चालवू नका, एक चक्करसुद्धा मारू नका. आत पाणी किंवा कूलंट गेलंय. क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो पाणी आणि कूलंट सहन करत नाही.

पाणी आत जायच्या वाटा दोन. एक रेडिएटरमधून, त्याबद्दल पुढे येतंच. दुसरी ब्रीदरमधून. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढून घेते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकता नगरीत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुण्यात जुनी गाडी घेताना हे डोक्यात असू द्या: सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटाला मातीची रेघ आहे का, बघा. आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या अंडरपासमध्ये चाकांचा मध्य बुडताना दिसला तर एसयूव्ही उंच आहे म्हणून आत घालू नका. वळून दुसऱ्या रस्त्याने जा.

ऑइल बदलणं

नव्याने आलेल्याला पहिला धक्का इथे बसतो. गिअरबॉक्सला आठ लिटर ऑइल लागतं असं वाचलेलं असतं आणि ड्रेन बोल्ट उघडल्यावर तीन-सव्वातीन लिटरच खाली येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकलेलं राहतं. म्हणून एकदा बदलून काम होत नाही. आठातलं ३.२ लिटर बदललं तर आत ४० टक्के नवं. पाचशे-हजार किलोमीटर चालवून पुन्हा तितकंच बदललं की ६४ टक्के. तिसऱ्यांदा बदललं की ७८ टक्के. तीन वेळा हे केलं की पुढे दर ठरावीक अंतराला एकदा पुरतं. मशीन लावून सगळं ऑइल एका दमात बदलायचा पर्याय गॅरेजवाले सुचवतील. नियमित देखभाल झालेल्या गाडीत आणि जाणत्या हातात तो वाईट नाही. पण जिचा हिशेब कुणाकडेच नाही अशा लाखभर किलोमीटरच्या गाडीत आतला वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून बारीक वाटांत अडकायची भीती असते. तिथे मी हळूहळू, तीन टप्प्यांतच जाईन.

पहिल्यांदा हे काम घरी करू नका. गरम ऑइल अंगावर येतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. लिफ्ट असलेलं गॅरेज निवडा आणि शेजारी उभे राहा. क्रम असा असू द्या.

गाडी कोमट हवी, चटका बसेल इतकी गरम नको. सगळ्यात आधी भरायच्या तोंडाचा बोल्ट सैल करून बघायला सांगा. हे विसरलं जातं आणि महागात पडतं: खालचं ऑइल काढून टाकलं आणि वरचा गंजलेला बोल्ट सुटेना, की गाडी लिफ्टवरच अडकते. तो सुटला की मगच ड्रेन बोल्ट. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि थेंब थांबेपर्यंत वीसेक मिनिटं वाट बघा. मग लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये ओतून मोजा. जेवढं आलं तेवढंच आत जाणार आहे. शेवटचा हिशेब मात्र वर सांगितल्याप्रमाणे लेव्हल बघूनच.

ड्रेन बोल्टला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर काजळीसारखी मऊ राखाडी पेस्ट असणारच, घाबरू नका. चमचमत्या सळया, तुकडे, नखाला टोचणारे कण दिसले तर ते कागदात बांधून ठेवा आणि फोटो काढा. ती वेगळी गोष्ट आहे, ऑइलने सुटणारी नाही. चुंबक पुसा आणि वॉशर नवा घाला. जुना उलटा करून लावायची सवय अनेकांना आहे, पण वीस-तीस रुपये वाचवायची ही जागा नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळा. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावणाऱ्याच्या हातात आटे निघून येतात.

काही गाड्यांत खालचा चेंबर उतरवून आतला फिल्टर बदलता येतो, काहींत गिअरबॉक्स उघडल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही. तुमच्या गाडीत येत असेल तर तीनपैकी पहिल्या वेळीच तो बदला. पॅकिंग नवं लावा. सीलंटचा जाड थर लावू देऊ नका, आतल्या बाजूला निघालेलं त्याचं बोंड सुटून जाळीत अडकतं. चेंबरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळायचे.

किती किलोमीटरला बदलायचं? अनेक गाड्यांच्या माहितीपत्रकात 'लाइफटाइम' ऑइल असं लिहिलेलं असतं आणि त्यावर विसंबून माणसं दहा-बारा वर्षं काढतात. जर्मनीची झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारीच कंपनी. तीसुद्धा आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते. पुण्याच्या वाहतुकीत जुन्या एसयूव्हीसाठी मी ४० हजार किलोमीटर किंवा तीन वर्षं धरतो, जे आधी येईल ते.

गिअर आधीच घसरत असेल, म्हणजे इंजिनाचे आरपीएम वर जातात पण गाडी ओढत नाही, तर नव्या ऑइलकडून चमत्काराची अपेक्षा नको. झिजलेलं अस्तर ऑइलने परत येत नाही. त्या वेळी ओव्हरहॉलचा अंदाज घ्या आणि गाडी ठेवायची का, याचा विचार करा.

काढलेलं ऑइल गटारात जाऊ देऊ नका. आपली गटारं शेवटी मुळा-मुठेतच उतरतात. जुनं ऑइल पिंपात साठवून अधिकृत रिसायकलिंगवाल्याला देणारं गॅरेज असेल तिथेच काम द्या आणि हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

थंडावा

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड व्हायला रेडिएटरच्याच एका टाकीतून फिरून येतं. मधे फक्त एक पातळ धातूचा पडदा. रेडिएटर दहा-बारा वर्षांचा झाला आणि आत नुसतं नळाचं पाणी घालत आले असतील तर तो पडदा गंजतो आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. मस्तानीची पहिली वाट ती हीच. गिअरबॉक्स उघडायच्या खर्चापुढे रेडिएटरची किंमत फारच लहान आहे. त्यामुळे गाडी जुनी आणि रेडिएटर मूळचा असेल तर लक्षण दिसायची वाट न बघता तो बदला. कूलंट नेहमी कंपनीने सांगितलेलंच, योग्य प्रमाणात.

उन्हाळ्याआधी रेडिएटरच्या पुढे साचलेले किडे आणि धूळ हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने पाकळ्या वाकतात. कूलरच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघा. कडक झाल्या असतील किंवा क्लॅम्पजवळ ओल असेल तर बदला. वरचेवर भरलेली गाडी घेऊन कोकणात उतरत असाल तर बाहेरून वेगळा कूलर बसवून घेणं मला पटतं.

चालवताना

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना किंवा मुंबईहून येताना बोरघाटात, गिअरबॉक्स सारखा चौथ्या-पाचव्यात वर-खाली करायला लागला तर त्याला तसं करू देऊ नका. ओव्हरड्राइव्हचं (सगळ्यात वरच्या गिअरचं) बटण बंद करा किंवा मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली धरा. दर वेळी गिअर बदलताना लॉक-अप सुटतो आणि ऑइल तापतं.

उतरताना याहून जास्त काळजी. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आणि सिंहगड तेराशेच्या आसपास. गडावरून खाली येताना 'डी'मध्ये राहून सगळा भार ब्रेकवर टाकणाऱ्या गाड्यांच्या चाकांतून वास येतो, तो आपण सगळ्यांनी घेतलाय. लिव्हर 'टू' किंवा 'एल'वर आणा, इंजिनाला गाडी अडवू द्या. उतारावर 'एन'मध्ये कधीच नाही. पेट्रोल वाचत नाही आणि गाडी ताब्यातून जाते.

उलट दिशेला जाताना, 'आर'मधून 'डी'मध्ये येताना गाडी पूर्ण थांबू द्या. पेठांतल्या बोळात गाडी वळवताना घाईत हे होतं आणि फटका प्लेटांना बसतो. चढावर सिग्नलला थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. विद्यापीठ चौकात दोन-तीन मिनिटं थांबायचं असेल तर 'एन' आणि हँडब्रेक. अर्ध्या मिनिटासाठी मात्र 'डी'मध्येच ब्रेकवर राहा.

उतारावर पार्किंग करताना ब्रेकवर पाय, लिव्हर 'एन', हँडब्रेक, मग ब्रेक हलकेच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकवा आणि शेवटी 'पी'. आधी 'पी' टाकून पाय काढला तर दोन टन वजन गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या 'कुत्र्या'वर, म्हणजे 'पी'मध्ये गाडी अडवून धरणाऱ्या खिट्टीवर, येतं. निघताना लिव्हर काढताना जो 'टक' आवाज येतो तो त्याचाच.

राहिलेली कामं

बॅटरी कमकुवत झाली की गिअर विचित्र पडतात, म्हणून झटके सुरू झाल्यावर आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर तपासा. इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी माउंट झिजले तर तेही 'डी' टाकताना धक्का देतात आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. फोनला जोडता येणारा, बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर घेऊन ठेवा. पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काही तक्रार नोंदलेली आहे, सविस्तर कोड पुढे शोधा. पी ०७४१ लॉक-अपचा. पी ०२१८ म्हणजे ऑइल प्रमाणाबाहेर तापलं, तो आला तर बाजूला थांबा.

फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ती वाटणारे) यांची ऑइलं वेगळी असतात आणि ती कुणाच्याच लक्षात नसतात. ती एकदा बदलून घ्या. हाताने लावायची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढत राहतात.

आणि गाडी बंद पडलीच तर. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, आणि दोरी बांधून टोचन करून नेता येत नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप बंद असतो. चाकं फिरली की आतले भाग वंगणाशिवाय फिरतात, आणि फोर बाय फोरमध्ये तर चारही चाकांनी ते होतं. कात्रजच्या घाटात रात्री मदतीला धावून आलेला ट्रकवालाही चांगल्या मनानेच दोरी पुढे करेल. त्याचे आभार माना आणि नको म्हणा. चाकाला दगड लावा, लांबवर त्रिकोण ठेवा, विम्याच्या मदतकेंद्राला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा," म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. हूकवाली गाडी आली तर तिला परत पाठवा आणि दुसरी येईपर्यंत थांबा.